आम्ही काठावर उभे होतो

पाय उचलला होता, तो खाली टेकवता येईना. बुटाखाली, रस्त्याच्या दगडी फरशीत, तळहाताएवढी पितळेची पाटी बसवलेली होती आणि तिच्यावर अक्षरं कोरलेली होती. कानात आचल बोलत होती. जहाजावरून उतरताना प्रत्येकाच्या गळ्यात एक डबी आणि कानात एक बोंड अडकवून देतात, त्यामुळे टूरवाली पोरगी पन्नास पावलं पुढं असली तरी थेट मेंदूत शिरून बोलते. "या घरात जे राहत होते त्यांचं नाव आहे हे," आचल सांगत होती, "ज्यू होते. नाव, जन्माचं साल, घरातून कधी नेलं, कुठं मारलं. अशा पाट्या या गावात खूप आहेत, जरा खाली बघत चला. गाईडबाई म्हणतात, पाय पडला तर मनाला लावून घेऊ नका. पाय पडून पडूनच पितळ चकाकतं." पुढचे सगळे त्या पाटीवरून गेले. कोणाचा पाय पडला, कोणाचा नाही, कोणी पाहिलंसुद्धा नाही. मी एका पायावर.

"काय जी इंगळेसाहेब," मागून खुशालरावांनी खांद्यावर हात ठेवला, "बगळा झाले का? मासोळी दिसली काय खाली?"

मी पाय बाजूला टेकवला. "नाव आहे," म्हणालो.

"कोणाचं?"

"मेलेल्याचं."

"असन बाप्पा." गुडघ्यावर हात ठेवून ते वाकले, चष्मा कपाळावर चढवून अक्षरं लावू लागले, आणि कंटाळले. "यायचं सारं रस्त्यावरच. आपल्या गावात अशा पाट्या ठोकतो म्हटलं त ढोरं कुठून नेशीन?" आणि स्वतःच खो खो हसले. हसता हसता त्यांचा हात माझ्या खांद्यावरून पाठीवर आला, आपल्या माणसाच्या पाठीवर येतो तसा.

आपल्या माणसाच्या. चार दिवस हा शब्द मी सोबत घेऊन ऱ्हाईन नदीतून चाललो होतो. पहिल्याच जेवणाला आम्हा चौघांना एक टेबल मिळालं. मी आणि माझी बायको इंदूबाई, खुशालराव आणि त्यांच्या सुभद्राबाई. सगळी टूर वऱ्हाडातलीच, निम्मे अमरावतीचे, निम्मे अकोल्याचे, त्यामुळे सूप यायच्या आधीच प्रश्न आला. "इंगळे म्हणजे कुठले?" या प्रश्नाचा खरा अर्थ काय हे पुण्यातल्या माणसाला कळायचं नाही. वऱ्हाडात इंगळे दोन्हीकडं आहेत. गावाच्या मधातही आहेत आणि गावाबाहेरच्या वस्तीतही. माझं नाव पंजाबराव, रेल्वेतून निवृत्त, पोरगी परदेशात, बायकोच्या अंगावर चांगली साडी. खुशालरावांनी माझ्याकडं दोन क्षण पाहून ठरवून टाकलं. मी फक्त "बडनेऱ्याकडचे" एवढंच म्हणालो होतो. "म्हणजे आपलेच," ते म्हणाले, आणि सुभद्राबाईंनी घरून आणलेलं लिंबाचं लोणचं आमच्या ताटात वाढलं. मी हो म्हणालो नाही आणि नाही म्हणालो नाही. सूप पीत राहिलो. इंदूबाईचा हात तेवढा गळ्याशी गेला आणि साखळीतला बुद्ध पोलक्याच्या आत गेला. हे ती इतकं सहज करते की मलासुद्धा दिसत नाही. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरात, हळदीकुंकवाच्या बायका दारात उभ्या असताना शिकलेली ती कला आहे. मग मी विचारलं, "अन् तुमी?" त्यांनी गावाचं नाव सांगितलं. बाळापूरजवळचं, मन नदीच्या काठचं. त्या नावासरशी समोरच्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यातून एक वीस वर्षांचा पोरगा बाहेर आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. पाटलाचा पुतण्या. मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हा त्याला शेवटचं पाहिलं होतं, पोळ्याच्या तोरणाखाली, कोऱ्या सदऱ्यात.

मी त्या टेबलावरून उठलो नाही. खोलीत गेल्यावर इंदूबाईनं विचारलं, "कावून बसून राहिले तिथं? टेबल बदलून घ्या म्हणा." मग ती खाटेवर बसून म्हणाली, "आयका. फिराले आलो न? फिरा. आपल्या पोरीनं, ज्योत्स्नानं, किती हौसेनं पाठवलं आपल्याले. मढी उकरत बसू नका." तिला सगळं माहीत आहे. लग्न झाल्यावर पहिल्या रात्रीपासून माहीत आहे, कारण शेजारच्या खोलीत माझी माय झोपेत तेच बोलायची. पण इंदूबाईला एक गोष्ट कळत नव्हती, ती ही की हा माणूस तिथं होता. पन्नास वर्षं मी ज्याला विचारू शकेन असा एकही माणूस मला भेटला नव्हता. आणि हा सांगणार होता फक्त आपल्या माणसाला. म्हणून मी त्याचा आपला माणूस झालो. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला आजही ठरवता येत नाही.

माझा भाऊ किसन एकवीस वर्षांचा होता. गावात पोळ्याला बैल तोरणाखालून जातात. कोणाची जोडी आधी, कोणाची नंतर, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आमच्या माणसांनी पाटलांचे बैल नदीवर धुवायचे, शिंगं रंगवायची, झूल घालायची, तोरणापर्यंत आणून कासरा मालकाच्या हातात द्यायचा आणि बाजूला व्हायचं. त्या साली आमच्या बापानं पहिल्यांदा स्वतःची जोडी केली. किसननं ती सजवली आणि रांगेत नेऊन उभी केली, शेवटी नाही, मधात. आणि झडती म्हटली. पोळ्यात बैलाजवळ उभं राहून मोठ्यानं ओरडून म्हणायचं गमतीचं कवन म्हणजे झडती. त्या एका दिवशी कोणीही कोणाची टर उडवावी, पाटलाचीसुद्धा, आणि पाटलानं हसावं, अशी मुभा असते. किसनला वाटलं, मुभा म्हणजे आपल्यालाही. त्याची चूक एवढीच.

बैल माहा काळा, शिंगाले माळा,
नांगराले आमी पुढं, तोरणाले टाळा!

लोक हसले. हे मी स्वतः ऐकलं आहे, लोक आधी हसले. मग एकेका जागी हसणं विझत गेलं, आणि बापानं माझ्या पाठीत धपाटा घालून मला घरी हाकललं. दिवस बुडायच्या आधी बैल एकटेच आले, भिजलेले, शिंगांचा रंग पोटापर्यंत ओघळलेला. किसन दुसऱ्या दिवशी दोन कोस खाली बाभळीच्या जाळीत सापडला. पंचनाम्यात लिहिलं, बैल धुताना पाय घसरून बुडाला. बैल सकाळीच धुतले होते. शिंगं रंगवलेला, झूल घातलेला बैल कोणी पुन्हा धुतो का? हे पंचनामा लिहिणाऱ्याला माहीत होतं, खाली अंगठे देणाऱ्यांना माहीत होतं, पंधरा वर्षांच्या मला माहीत होतं. आम्ही बडनेऱ्याला मामाकडं गेलो ते परत गेलोच नाही. मायनं कधी विचारलं नाही की त्याला कोणी मारलं. ती एकच विचारायची, भाकर थापता थापता, कुठंही, कोणालाही. "त्यानं हाक मारली असन का रे?" बाप म्हणायचा, झोप. मी म्हणायचो, माय, पुराचा आवाज मोठा असते. ती मेली त्या आठवड्यातही तिनं नर्सला विचारलं.

आमच्या वस्तीत कोणालाच पोहता येत नव्हतं. डोह पाटलांच्या पोरांचा होता, आम्ही खालच्या अंगाला, म्हशी बसतात तिथं, गुडघाभर पाण्यात. मी रेल्वेत गार्ड झालो. छत्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मागं पाहत गेलो, आणि ज्या ज्या पुलावरून गाडी गेली त्या त्या पुलावर डोळे मिटले. या जहाजावर पहिल्या दिवशी सगळ्यांना तरंगायचं जाकीट घालून दाखवायला लावलं. बाकीच्यांनी फोटो काढले आणि ते उतरवून ठेवलं. मी ते खोलीतसुद्धा घालून बसलो, तेव्हा इंदूबाईनं ते माझ्या अंगातून ओढून काढलं आणि काढताना रडली.

काल दुपारच्या जेवणाला टूरवाल्यांनी प्रत्येकाला काहीतरी म्हणून दाखवायला सांगितलं. कोणी भजन म्हटलं, कोणी जुनं गाणं. खुशालराव उठले, गळ्यातला रुमाल सोडून डोक्याला बांधला आणि म्हणाले, "आमच्या गावची झडती आयका." आणि किसनची झडती म्हटली. मात्रेसहित. शेवटी, प्रत्येक झडतीला असतो तो महादेवाचा जयजयकार जोडला, जो किसननं मुद्दाम गाळला होता. वर म्हणाले, "बैल मालकाले म्हणते बरं का हे. बैलाची तक्रार आहे." अख्खं जेवणघर टाळ्या वाजवत होतं. त्यांनी माणूस काढून तिथं बैल घातला होता. पन्नास वर्षं दरसाल पोळ्याला गाव हे म्हणतं आणि हसतं. मी टाळ्या वाजवल्या. इंदूबाईनं टेबलाखाली माझं मनगट धरलं तेव्हा मला कळलं की मी अजून वाजवतच आहे.

तर आज हे गाव. गावाचं नाव शेवटपर्यंत माझ्या जिभेवर बसलं नाही. खिडक्यांत लाल फुलं, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही, आणि पायाखाली मेलेली माणसं. आचलनं कानात सांगितलं, दीड तास मोकळा, साडेबाराला जहाजावर, उतरताना घेतलेला नंबरचा बिल्ला परत हुकावर लावायला विसरू नका, तो लागला नाही तर जहाज सुटत नाही. बायका चर्च पाहायला गेल्या. खुशालरावांचे गुडघे दुखत होते. आम्ही दोघं धक्क्याजवळच्या बाकावर बसलो. समोर पाणी, हिरवं, जाड, न बोलता जाणारं. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, सुभद्राबाईंच्या हातचा चिवडा, आणि आमच्या मधात ठेवला. "घ्या जी. यायच्या पावावर माणूस जगते का?" आम्ही दोघं एकाच डब्यात हात घालून खात होतो. मी विचारलं.

"कालची झडती कोणाची हो खुशालभाऊ?"

"झडतीले काय मालक असते? गावाची."

"पहिल्यांदा कोणीतरी म्हटली असन न."

त्यांनी शेंगदाणा चावला. "होता एक. त्यायच्यातला. किसन्या. डोक्शाचा तेज होता पोट्टा, खोटं कावून बोलू. पण उतमात गंज, माजच म्हणा. बैल आणून डायरेक्ट मधात लावले. आमचा काका पाटील, त्याच्या तोंडावर झडती म्हटली."

"मंग?"

"मंग काय, पोट्टे चिडले. चार-दोन कानाखाली लावाच्या होत्या, बस. थो बैल घेऊनच पळाला नदीकडं. आता पूर होता. बैलाचं काय, बैल पोहत पोहत लागले काठाले. हा कासरा धरून होता, सुटला अन् राहिला मधात."

"अन् तुमी?"

"आमी काठावर उभे होतो. सात-आठ जण. त्यानं दोन्ही हात वर केले. एक पोट्टा म्हणे, पाहा बे, पाण्यातबी झडती म्हणते."

दोन्ही हात. गार्डच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात. झेंडी नसली, दिवा नसला, तर दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे धरायचे. धोका. ते पाहून कोणतीही गाडी थांबलीच पाहिजे, मेल असो की मालगाडी. किसनला हे कोणी शिकवलं नव्हतं. पाण्यानं शिकवलं असेल. मी डब्यात पुन्हा हात घातला.

"हाक मारली का त्यानं?"

"मारली न."

"कोणाले?"

ते पाण्याकडं पाहत होते. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातला मजा करणारा माणूस जरा मागं सरला. "मले. मीच सगळ्यात जवळ होतो. चिचेचं मूळ होतं एक, थे धरून वाकलो असतो त हात पुरला असता. खुशालभाऊ, म्हणे. दोनदा. मी माणूस वाईट नाही इंगळेसाहेब. पण आंघोळ झाली होती माही. त्या साली बैलाच्या पूजेले काकानं मले बसवलं होतं, पयल्यांदा. त्याले हात लावला असता त पूजा..." त्यांनी हात झटकला, माशी उडवावी तसा. "तवाचं तसंच होतं. तुमाले काय सांगाचं, तुमी त आपल्या घरातले. आता असतं त देल्ला असता हात. देल्ला असता न बाप्पा."

एक माल वाहणारी बोट समोरून गेली. तिच्या लाटा येऊन धक्क्याच्या दगडांवर आपटल्या, मग बारीक झाल्या, मग राहिल्या नाहीत. माय, मारली होती त्यानं हाक. नाव घेऊन मारली होती, भाऊ म्हणून मारली होती. हे तुला सांगायला मी आता कुठं येऊ?

"त्याचं नाव किसन्या नव्हतं," मी म्हणालो. "किसन सुखदेव इंगळे."

"हो का? इंगळेच का?" ते म्हणाले.

"मी त्याचा लहान भाऊ."

त्यांचा हात डब्यात होता. मी त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो, पन्नास वर्षं पाहायची वाट पाहिलेल्या त्या तोंडाकडं, आता इथं काय येईल म्हणून. भीती येईल, शरम येईल, राग आला तरी चालेल. ते डब्याकडं पाहत होते. त्यांच्या हाताच्या शेजारी माझा हात होता. त्यांनी आपला हात हळूच बाहेर काढला, रुमाल घेतला, आणि एकेक बोट पुसलं, मुळापर्यंत.

"चार दिवस तुमी आमच्या संग जेवले," ते म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"सांगाचं होतं पंजाबराव. सुभद्राचं किती सोवळं असते, तुमी पाहून राहिले होते न डोयानं? तिच्या हातानं वाढून घेतलं. असं फसवाचं नसते माणसाले." आवाज दुखावलेला होता. खरोखरचा. डोळ्यांत पाणी म्हणता येईल असं काहीतरी होतं, आणि ते स्वतःसाठी होतं. त्यांच्या बोलण्यातून 'इंगळेसाहेब' गेले होते, 'जी' गेला होता. किसन मधल्या मध्ये पुन्हा वाहून गेला होता. मेलेला माणूस त्यांच्या लेखी मेला नव्हता, बाटलेला डबा मात्र बाटला होता. पाणी दोन हातांवर होतं. ढकललं असतं. मी बाकाची कड धरून उठलोसुद्धा. आणि मग आठवलं की याला पोहता येतं. डोह याचाच होता. हे आठवल्यावर मला हसू आलं, आणि ते हसू इतकं घाण होतं की खुशालराव घाबरून दोन पावलं मागं सरले, आणि जहाजाकडं चालू लागले. गुडघे दुखत नव्हते आता. डबा बाकावरच राहिला. त्यांनी तो नेला नाही. नेणार नव्हतेच.

मी बसून राहिलो. लोक येत होते, पिशव्या, टोप्या, चॉकलेटं घेऊन, फळीवरून आत जात होते. कोणीतरी हाक मारली, मी मान हलवली. इंदूबाई सुभद्राबाईंबरोबर आली असावी, मला पुढं गेलेला समजून आत गेली असावी. कानातलं बोंड खरखरलं. "बावीस नंबर," आचलचा आवाज. "बावीस नंबरच्या खोलीचा एक बिल्ला अजून हुकावर आला नाही. इंगळे काका? एक माणूस अजून काठावर आहे." मी खिशात हात घातला. बिल्ला होता. गोल, पितळेचा, त्यावर नंबर कोरलेला. बोटानं चाचपला. "काका, ऐकू येतंय का? कॅप्टन थांबलेत. एक माणूस कमी आहे." पुन्हा पुन्हा ती तेच सांगत होती. जहाजानं भोंगा दिला. एवढं मोठं लोखंड, दीडशे माणसं, इंजिन सुरू, आणि सगळं थांबलेलं, का तर एका पंजाबराव इंगळेचा बिल्ला हुकाला लागला नाही. आमच्या गावात असा हुक नव्हता.

मी धक्क्याच्या कडेपर्यंत गेलो. फळी अजून लावलेली होती, दहा पावलांवर. मी तिच्यावर गेलो नाही. वरच्या डेकवर सगळी वऱ्हाडी मंडळी कठड्याला येऊन उभी राहिली होती. "या न काका! जेवण थंड होऊन राहिलं!" कोणीतरी ओरडलं, बाकीचे हसले. इंदूबाई दिसली. "अवो! या न जी!" ती म्हणाली, आणि मग तिनं बाजूला पाहिलं. सुभद्राबाई तिच्यापासून चार हात लांब जाऊन उभ्या होत्या, पदर आवळून. इंदूबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि गळ्यातली साखळी ओढून बुद्ध बाहेर काढला. साडीवर, सगळ्यांना दिसेल असा. मग ती पुन्हा ये म्हणाली नाही.

खुशालराव मधात उभे होते. जागा त्यांना मधातलीच मिळते.

मी बिल्ला मुठीत धरला आणि दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे केले. कोपरं न वाकवता, शिकवलं तसे. खांदे भरून आले तरी खाली घेतले नाहीत. वर क्षणभर सगळे पाहत राहिले, मग कोणीतरी हसलं, कोणीतरी हात हलवला, आणि मग सगळा डेकच हात हलवू लागला, "बाय बाय काका!" म्हणत, फोन वर धरून फोटो काढत. त्यांना वाटलं मी गंमत करून राहिलो. भोंगा पुन्हा वाजला. मी हात तसेच ठेवले. त्या हलणाऱ्या हातांच्या रांगेत मधले दोन हात तेवढे कठडा गच्च धरून होते, आणि ते वर येत नव्हते.